मशिनीची ओटी

३ ऑगस्ट

आज बिनजोडाचा मोजा पाह्यला.

दुपारी मॅनेजर राऊत साहेब आमच्या मोजे मिटायच्या टेबलापाशी आले, खिशातून एक मोजा काढला अन् कमलताईपुढं ठेवला. कमलताई आमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी. तिनं मोजा उलटा करून बोटाकडचा जोड पाह्यला. चष्मा पुसला, पुन्हा पाह्यला, मग माझ्याकडं सरकवला. मी खिडकीत उजेडाले धरला. जोडच नाही. आमी कितीबी बारीक जोडलं तरी आतून बोट फिरवलं की एक रेघ लागते. घालणाऱ्याले नाही लागत, आमाले लागते. इथं तेबी नाही. मोजा शेतात उगवला म्हणावं अन् तोडून आणला म्हणावं, असा.

कोण्या बाईनं केला म्हणून विचारलं. राऊत साहेब म्हणाले, "बाई नाही, माया. मशीननंच विणला अन् मशीननंच मिटला."

सगळ्या हासल्या. मीबी हासली.

राग यायला पाहिजे होता. आला नाही. इतकं देखणं काम! घरी येताना काळीपिवळी जीपमधी बसल्या बसल्या बोटं आपोआप त्या मोज्याची बोटाकडची बाजू चाचपून राह्यली होती, मोजा हातात नसताना.

५ ऑगस्ट

राऊत साहेबानं (पुढं नुसतं रा. सा. लिहीन) आज सगळं सांगितलं.

कंपनी इटलीची. विणायच्या मशिनी तिकडून इकडं आणल्या, आपल्या यवतमाळच्या एमआयडीसीत, काहून तं मोज्याचं बोटाकडचं तोंड हातानं मिटावं लागते. एकेक टाका टेबलावरच्या फिरत्या चकतीच्या एकेक काट्यावर चढवायचा. एक टाका सुटला तं मोजा पहिल्याच धुण्यात उसवते. त्याच्यासाठी बाया लागतेत, अन् तिकडच्या बाया महाग. आता मशीनच तोंड मिटाले लागली तं समुद्र ओलांडून बायांकडं यायचं काही कामच नाही. मालकानं ठरवलं, कारखाना घरी न्यायचा. जुन्या मशिनीले तिकडं तो मोजा मिटायचा नवीन भाग बसवणार.

तीन खेपा. पोळ्यानंतर एक, दसऱ्यानंतर एक, अन् शेवटची वर्ष सरता सरता. शेवटच्या खेपेसंगं टेबल बंद.

घरी नवऱ्याले, वि. ले, सांगितलं. तो म्हणे, आमच्या जिनिंगात बी हेच चालू आहे, कापूसच नाही तं गाठी कायच्या बांधतील. म्हणजे घरात दोघं बी...

टेबलावर यायच्या आधी मी शेतात निंदाले जात होती. डोक्यावर पंखा, बसाले खुर्ची, महिन्याच्या महिन्याले पगार, हे मले ह्या टेबलानं दिलं. पुन्हा निंदण नाही होत माझ्यानं. अन् निंदण तरी कुठं राह्यलं? तणनाशक मारतेत आता, बायांची गरजच नाही. जिकडं जावं तिकडं तेच.

२१ ऑगस्ट

पोळा. सुटी. लिहावंसं वाटत नाही.

२४ ऑगस्ट

मशिनी खोलाले इटलीहून माणूस आला. सिल्व्हानो नाव. पांढऱ्या मिशा, पोट सुटलेलं, चालणं आमच्या मामासारखं. बायांनी संध्याकाळपर्यंत त्याचा सिलवनबुवा करून टाकला.

आमचे मेकॅनिक सलीमभाई सकाळपासून तोंड पाडून होते. ह्या मशिनी त्यायनं इतकी वर्षं चालत्या ठेवल्या, अन् आता त्यायच्याच हातानं खोलायच्या. पण दुपारी पाहते तं दोघं एकाच मशिनीखाली उताणे. ह्याले त्याची भाषा येत नाही, त्याले ह्याची येत नाही. एक हात बाहेर काढते, दुसरा बरोबर तोच पाना त्या हातात देते. चहाच्या वेळेले सलीमभाई म्हणाले, "बुढ्याले मशीनच्या आतलं दिसते, माया. अल्ला कसम, मी असा माणूस पाह्यला नाही." तोंड पाडलेलं कुठं गेलं काय माहीत.

२६ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

जेवणाची सुटी सरत आलती. सिलवनबुवा टेबलाकडं आला अन् नुसता उभा राह्यला. मग कमलताईच्या खुर्चीकडं बोट केलं, बसू का म्हणून. कमलताई उठली. बुवा बसला, मोजा घेतला, चष्मा कपाळावर चढवला (काढला नाही, चढवला, म्हणजे जवळचं बिनचष्म्याचं दिसते) अन् टाके काट्यावर चढवाले लागला.

सगळं टेबल थांबलं. ग्रीसानं काळी झालेली एवढाली जाड बोटं, अन् चालून राह्यली ती कमलताईसारखी! कोपर तसंच वर उचललेलं. टाका घेताना अंगठा तसाच आत. कमलताईले हे कोणी शिकवलं, तं कारखान्याच्या पहिल्या सालच्या एका बाईनं. त्या बाईले कोणी शिकवलं, ते कोणालेच माहीत नव्हतं.

बुवा इंग्रजीत बोलत गेला, रा. सा. सांगत गेले. त्याची माय हेच काम करत होती. कारखान्यात नाही, घरी, सैपाकघरात, चकती ओट्याले लावून. त्यायच्या गावच्या समद्या बाया करत. व्हॅन यायची, मोज्यायचे खोके टाकून जायची, आठवड्यानं घेऊन जायची. हा लहानपणी मायच्या पायाशी बसून शिकला. मग एका साली व्हॅन आलीच नाही.

कमलताईनं विचारलं, "कुठं गेली मग?"

रा. सा. नं विचारायच्या आधीच बुवाले समजलं. आमच्या टेबलाकडं पाह्यलं त्यानं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

म्हणजे ते काम आमचं नव्हतंच. कोण्या दुसऱ्या बायांच्या हातातून सुटून आमच्याकडं आलं होतं. अन् आमी इतकी वर्षं... त्यायले बी असंच कोणी येऊन सांगितलं असेल. का सांगितलंच नसेल? व्हॅनची वाट पाहत बसल्या असतील ओट्यापाशी. दुपारी कामात दोन मोजे बिघडवले.

२ सप्टेंबर

बुवानं मोबाईलवर तिकडचा नवीन कारखाना दाखवला. पडद्यावर काही दिसेचना, नुसता काळोख अन् आवाज. मग कळलं, दिवे लावतच नाहीत. मशिनी अंधारातच विणून राह्यल्या. उजेड कोणाले पाहिजे? मग कोणीतरी दिवा लावला, तं ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मशिनीच मशिनी, अन् एकेकीतून मिटलेले मोजे टपाटप खोक्यात. माणूस शोधला तं सापडला एक, हातात कप धरून फिरणारा.

अंगावर काटा आला. मले वाटे, देऊळ, विहार, मशीद, कुठं गेल्यावर जसं होते तसं काहीतरी होऊन राह्यलं. एवढं डोकं माणसानं चालवलं!

कमलताईनं शेवटपर्यंत पाह्यलं अन् एवढंच म्हणाली, "काम घरी चाललं म्हणता. घरच्या बायांले तरी भेटलं असतं तं मी रागावली नसती."

९ सप्टेंबर

पहिली खेप बांधून झाली. पेट्या उभ्या केल्या, आत एकेक मशीन, लाकडाच्या पट्ट्यांनी आवळलेली.

कमलताई घरून पिशवी घेऊन आली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, खण, हिरव्या बांगड्या. मी म्हटलं हे काय. म्हणे, ओटी भरते. इतकी वर्षं घरात राह्यली, भरल्या घरातून रिकाम्या पदरानं लावून द्यायची का?

मग जी चर्चा सुरू झाली बायांची! ती सासरी चालली का माहेरी? एक म्हणे, जन्म तिकडचा, म्हणजे माहेर तिकडं, आपण सासरचे. दुसरी म्हणे, मग सासूचा मान कमलताईचा, बरोबर आहे. मी म्हटलं, जी परत येणार नाही तिले माहेरी जाणं म्हणत नाहीत. मलेच वाईट वाटलं, कायले बोलली.

आमच्यात ओटीबिटी नाही. बाबासाहेबांनंतर आमच्या घरी कोणी भरली नाही, मी मानत बी नाही. बाजूले उभी होती. पण कमलताईनं मशिनीच्या लोखंडाले कुंकू लावलं तेव्हा सलीमभाईनं टोपी नीट केली, अन् मलेबी पदर सारखा करावा वाटला. ओटीची गाठ मशिनीच्या खालच्या खणात ठेवली, नीट, हलणार नाही अशी. सलीमभाईनं वरून पट्टी ठोकली. बुवा गेस्ट हाऊसवर गेलता. रा. सा. फोनवर. त्यायले माहीत नाही.

११ सप्टेंबर

गाडी आली अन् गेली. एवढी लांब गाडी गेटातून आत घ्यायची म्हणजे अर्धा दिवस त्यातच गेला. गाडीवरच्या ह्या लोखंडी खोलीले, कंटेनर म्हणतेत तिले, मुंबईले उचलून जहाजावर ठेवतेत, अशा हजारो एकावर एक, अन् ते सगळं पाण्यावर तरंगते. ड्रायव्हरनं सांगितलं. तो इतक्या साध्या आवाजात सांगून राह्यला होता, जसं काही बाभुळगावच्या बाजारात भाजी नेऊन राह्यला. मी त्याच्या तोंडाकडंच पाहत राह्यली.

बुवा बी गेला. जाताना टेबलाले हात जोडले.

२८ सप्टेंबर

हॉलमधी रिकाम्या जागा. फरशीवर मशिनीचे पांढरे चौकोन. मी चौकोनावर पाय न देता जाते, बाया हासतेत.

गावात बोंडअळी. वि. च्या भावानं बोंड फोडून दाखवलं, आत गुलाबी किडा लोळून राह्यला. यंदा बी जिनिंगाचं काही खरं नाही.

१६ ऑक्टोबर

काय लिहू. हासावं का रडावं तेच समजत नाही.

रा. सा. सकाळी लालबुंद होऊन आले. पहिली खेप तिकडच्या बंदरात अडकली. तपासणीत पेटी उघडली तं आत तांदूळ, अन् तांदळात जिवंत सोंडे. परक्या देशातून किडा येऊ देत नाहीत म्हणे. सगळीच्या सगळी खेप बाजूले काढून ठेवली, धुरी देणार, कागदपत्रं होणार, कधी सुटेल कोणी सांगत नाही. रा. सा. ओरडले, पेटीत तांदूळ कोणी टाकले?

कोणी मान वर केली नाही. कमलताईची बोटं चालूच. कानशिलं मात्र लाल.

मग पुढची गोष्ट त्यायनंच सांगितली, जरा खालच्या आवाजात. थंडीच्या मोज्यायची ऑर्डर आता तिकडं होऊ शकत नाही, ते मोजे विणणाऱ्या मशिनी बंदरात. म्हणून दुसरी खेप थांबवली. ऑर्डर इथंच करायची. टेबल चालू.

जेवताना कमलताई हळूच म्हणाली, "रेशनचे होते वं तांदूळ. निवडायचे राहून गेले." अन् डोळ्याले पदर लावला. ओटीत किडके तांदूळ घातले, ह्याचं तिले दुःख. टेबल वाचलं, ते तिच्या डोक्यातच नाही.

मी मात्र पगाराचे महिने मोजत होती... नाही, मोजत नव्हती, पण खूश होती. खोटं कायले लिहू. अख्ख्या टेबलाले जे जमलं नसतं ते तांदळातल्या सोंड्यानं केलं. एवढासा जीव. समुद्र ओलांडून गेला अन् कंपनी थांबवली. मले तं त्याले हात जोडावे वाटून राह्यले.

२० ऑक्टोबर

दिवाळी बरी गेली. ओव्हरटाईम. वि. नं दारावर दिवा टांगला. त्याले सोंड्याची गोष्ट सांगितली तं पोट धरधरून हासला, लय दिवसानं.

१४ नोव्हेंबर

पहिली खेप सुटली, अन् सिलवनबुवा दुसरी न्यायले परत आला.

आमाले वाटलं आता चौकशी. कमलताई तं घरीच राहणार होती, मी ओढून आणली. बुवा सरळ तिच्याकडं आला. बंदरात पेटी उघडली तेव्हा त्यालेच बोलावलं होतं म्हणे, ओळख पटवाले (रा. सा. सांगत गेले, कोणावर चिडले नाहीत). तिथले लोक भ्याले होते, कोणाले वाटे जादूटोणा, कोणाले वाटे चोरटा माल. बुवानं सांगितलं, पॅकिंगचं सामान आहे, इंडियात असंच करतेत. नाव कोणाचंच घेतलं नाही. नारळ, खण जाळून टाकावे लागले. बांगड्या तेवढ्या काचेच्या म्हणून त्याले घेऊ दिल्या.

मग मोबाईल काढून व्हिडिओ लावला. एक बुढी खुर्चीत बसलेली, गुडघ्यावर शाल. त्याची माय. तिले आता कोणाची ओळख राहत नाही म्हणे, पोराची बी नाही. तिच्या समोर बुवा दुसरा मोबाईल धरून उभा, अन् त्या मोबाईलमधी आमी, टेबलावर काम करतानी. ऑगस्टात त्यानं कधी काढला होता तो व्हिडिओ, आमाले पत्ताच नाही. बुढी पाहत राह्यली. अन् मग तिचे हात शालीतून वर आले. कोपर उचललं. अंगठा आत घेतला. हवेतच टाके चढवाले लागली, एकेक, एकेक. सुकल्या मनगटात हिरवी बांगडी.

कमलताई ढसाढसा रडली. मी बी.

माणसाचं सगळं जाते अन् हात राहते. हे काय आहे बाप्पा. मले शब्द नाहीत.

१६ नोव्हेंबर

दुसरी खेप बांधणं चालू. सलीमभाई अन् बुवा पुन्हा मशिनीखाली.

रा. सा. चहा पिता पिता बोलून गेले. बोलायचं नव्हतं, बोलून गेले. मालक वैतागलेला आहे. म्हणे, आणखी एक खेप अशी अडकली तं शेवटच्या मशिनी तिकडंच राहू द्या, यवतमाळले, कायमच्या. त्या मशिनीवर अन् टेबलावर बारीक सुताचं काम करू द्या त्यायले. एवढी कटकट करून आणण्यात फायदा नाही.

कप ठेवून गेले निघून. आमी एकमेकींकडं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तं बोलावं लागलं असतं.

१७ नोव्हेंबर

शेवटी बोलल्या. सगळ्या बाया म्हणतेत, कमलताई, ओटी भर. मागच्यासारखीच भर.

कमलताई नाही म्हणाली. मागच्या वेळेस मी आशीर्वाद म्हणून भरली, माहीत नव्हतं मले. आता माहीत असून भरली तं ती ओटी नाही होत, करणी होते. अन् ज्या माणसानं आपलं नाव झाकलं, त्याच्याच गळ्यात? त्याले पुन्हा बोलावतील बंदरात. पुन्हा पॅकिंग म्हणेल का तो? त्याची नोकरी जाईल.

बायायचं बी खोटं नाही. एकीचा नवरा फवारणीनं अंथरुणाले खिळलेला. एकीची पोरगी नर्सिंगले. बुवा म्हातारा आहे, तो बसून खाईल, आपण काय खायचं.

संध्याकाळी गेटापाशी कमलताईनं मले थांबवलं. पिशवीतून एक पुडकं काढून हातात दिलं. तांदूळ, रेशनचे, न निवडलेले. म्हणे, "मले पाप लागते, माया. तू ओटी मानत नाहीस. तुले नाही लागणार."

किती साधं करून टाकलं तिनं! मले हासूच आलं आधी. मग सगळा रस्ता डोकं भणभणत राह्यलं. मी मानत नाही ते ओटीले, पुण्य लागते असं मानत नाही. पण बुवाले तं मानते ना मी. त्या बुढीच्या हाताले मानते. अन् टेबलावरच्या बायायले बी मानते. हे कोण्या पारड्यात टाकू.

१८ नोव्हेंबर

आज पेट्या भरून झाल्या. एकच पेटी उघडी, टेबलाजवळची. तिचे खिळे उद्या सकाळी. सलीमभाईले काय समजलं अन् काय नाही, देव जाणे. जाताना म्हणाले, मी उद्या जरा उशिरा येईन, पेटीकडं लक्ष ठेवजो. माझ्याकडं न पाहता म्हणाले.

बुवा संध्याकाळी उघड्या पेटीपाशी उभा राह्यला, आत हात घालून मशिनीचा तो खालचा खण उघडला, पाह्यलं, रिकामा. बंद केला. मले वाटलं त्याले बरं वाटलं. नाही तं वाईट वाटलं. त्याच्या तोंडावरून काही समजलं नाही, दुसऱ्या देशाचं तोंड आहे.

मी त्याले विचारणार होती, तुमची माय आज काय करून राह्यली असेल. इंग्रजीत विचारता आलं नाही.

घरी येऊन सुपात तांदूळ घेतले. पुडकं सोडलं तं सोंडे भराभरा वर आले. अंधार पडला होता, दारावरच्या दिव्याखाली बसून निवडले, एकेक दाणा पाहून. वि. नं विचारलं, आज भात काय? हो म्हटलं. मग भाकरीच टाकल्या.

तांदूळ स्वच्छ झाले. ओटीसारखे रुमालात बांधून उद्याच्या पिशवीत ठेवले. सोंडे एरवी मी अंगणात फेकून देते. आज वाटीत गोळा केले अन् वाटीवर झाकण ठेवलं. रुमालासंगं वाटी न्यायची का नाही, ते सकाळी पाहू.